दप्तराची राखण आणि दप्तरांतील माणसें

वर्धा जिल्ह्यांतील एका संग्राहक मित्रांनीं रद्दीच्या दुकानांतून सोडविलेल्या कागदांचा एक गठ्ठा आमच्याकडे वाचनासाठीं आणला. त्यांत पोथ्यांचीं सुटीं पानें, कांहीं मोडी पत्रें व हिशेबाचे बंद होते. आणि तळाशीं एक लांबट वही होती. वहीचीं पहिलीं पानें गेलेलीं आहेत. त्यामुळें ती कोणीं व कोणाच्या सांगण्यावरून लिहिली हें कळत नाहीं. कागद गिरणीचा, शाई निळी, लिपि बाळबोध, भाषा मराठी व कोठें कोठें हिंदी. आंतील तारखांवरून ती १९५० नंतरच्या दशकांतील ठरते. प्रत्येक पानावर रकाने आंखलेले आहेत : घर, नांव, बापाचें किंवा नवऱ्याचें नांव, जात, वय, आणि शेवटच्या रुंद रकान्यांत अंगावरील चट्टे, बधिरपणा व बोटांची स्थिति. गांवोगांव फिरून केलेल्या कुष्ठरोगाच्या पाहणीची ही वही आहे, हें पहिलें पान वाचतांच ध्यानांत येतें.

आमच्या मित्रांचा विचार असा कीं, सर्व पानांचीं छायाचित्रें घेऊन तीं अभ्यासकांच्या मोबाइलवरील समूहांत टाकावीं. म्हणजे कागद वाळवीच्या तोंडीं पडला तरी मजकूर उरेल. हेतु निर्मळ होता, आणि कागद वांचविण्याचें श्रेय त्यांचेंच आहे. तथापि आम्हीं त्यांस थांबविलें. कां थांबविलें, आणि अशा प्रसंगीं संग्राहकानें, शिक्षकानें व संशोधकानें काय शिकून घेतलेलें असावें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

१. कागदाचें वय आणि माणसाचें वय

अशी वही वर्धा जिल्ह्यांत सांपडावी यांत नवल नाहीं. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेचें काम आरंभिलें. पुढें १९५१ सालीं गांधी मेमोरिअल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली व तिचें मुख्य ठाणें वर्ध्यास राहिलें. डॅप्सोन हें औषध हातीं आल्यावर रोग्यास गांवाबाहेर काढण्याऐवजीं घरींच बरें करणें शक्य झालें. परंतु त्यासाठीं रोग आरंभींच ओळखणें जरूर होतें. म्हणून घरोघर पाहणी, लोकशिक्षण व उपचार अशी त्रिविध पद्धति या संस्थेनें रूढ केली. आमच्यापुढील वही या किंवा अन्य कोणत्या संस्थेची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास पुरावा नाहीं. एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, अशा वह्या ज्यांनीं लिहिल्या त्यांनीं त्या रोग्यांच्या भल्यासाठीं लिहिल्या, आणि गांवकऱ्यांनींही त्याच विश्वासावर आपलें अंग दाखविलें.

आतां वयाचा हिशेब पाहूं. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचें झालें म्हणजे तें पुरावस्तु ठरतें. १९५१ सालची वही २०२६ सालीं पंचाहत्तर वर्षांची होते. परंतु त्याच वहींत ज्या मुलाचें वय पांच वर्षें लिहिलें आहे तें मूल २०२६ सालीं ऐंशी वर्षांचें असूं शकतें. त्याचीं मुलें व नातवंडें तर खासच हयात असतील. म्हणजे एकच वही कागद या नात्यानें पुराणवस्तु आणि मजकूर या नात्यानें चालू काळाची असूं शकते. आपण संग्राहक कागदाचें वय अचूक सांगतों. आंतल्या माणसांचें वय मोजण्याची संवय मात्र आपणांस नाहीं.

कोणी म्हणेल कीं, आतां हा रोग औषधानें बरा होतो, मग लपविण्यासारखें काय उरलें? औषध मिळालें म्हणून कलंक गेला असें होत नाहीं. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयींचा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. आणि कुष्ठरोग हें घटस्फोटाचें कारण म्हणून विवाहकायद्यांतून निघाले तें २०१९ सालीं. बहुविध औषधांचा उपचार हिंदुस्थानांत ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधीं सुरू झाला त्यांत वर्धा जिल्हा होता, आणि ती गोष्ट १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांतली आहे. त्यानंतरही कायद्याच्या पुस्तकांतून हा कलंक पुसावयास पस्तीस वर्षांहून अधिक काळ लागला; मग लोकांच्या मनांतून तो किती हळू जात असेल? एखाद्या घरची सोयरीक ठरत असतां आजोबांचें नांव त्या वहींतून कोणीं पुढें केलें, तर ती वही वांचविणाऱ्यानें त्या घराचें काय वांचविलें?

याच जिल्ह्यांतलें एक उलट उदाहरण लक्षांत घेण्यासारखें आहे. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगानें पीडित असतां १९३९ सालीं सेवाग्रामास आले, आणि गांधीजी त्यांची शुश्रूषा करीत, हें सर्वश्रुत आहे. त्यांच्या नांवाची कुटी तेथें आहे. त्यांचा रोग लपविण्याचें कारण नाहीं, कारण ती हकीकत उघडपणें घडली व उघडपणें सांगितली गेली. वहींतील शेतमजुराच्या बायकोनें असें कांहीं केलेलें नाहीं. दोघांचा रोग एक, काळही जवळचा. परंतु एकाचें नांव इतिहासांत आहे आणि दुसरीचें केवळ विश्वासानें ठेवलेल्या वहींत आहे. हा भेद ओळखणें हा शिक्षणाचा पहिला धडा होय.

२. दोन निरनिराळीं कामें

या विषयांत दोन गोष्टींची गल्लत नेहमीं होते. एक माहितीची सुरक्षितता, दुसरी माणसाची खासगी बाब. पहिली म्हणजे राखण : कागद किंवा त्याची प्रत नष्ट होऊं नये, तींत कोणीं फेरफार करूं नये, आणि अधिकार नसलेल्याच्या हातीं ती जाऊं नये. दुसरी म्हणजे मर्यादा : अधिकार असलेल्यानेंही कोणती गोष्ट, कोणासाठीं व किती उघड करावी. कुलूप मजबूत असणें हें पहिलें काम; किल्ली कोणास द्यावी हें दुसरें. उत्तम कुलपाचें कपाट असून संग्राहक येणाऱ्याजाणाऱ्यास वही उघडून दाखवूं लागला, तर राखण झाली, मर्यादा राहिली नाहीं. उलट संग्राहक तोंडानें अक्षर बोलत नाहीं, पण कपाट उघडें टाकून गांवास जातो, तर मर्यादा आहे, राखण नाहीं.

राखणीच्या कामांत आपले पूर्वज अनाडी नव्हते. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब, हा केवळ थाट नव्हता. ‘मर्यादेयं विराजते’ हें मोर्तब जेथें उठलें तेथें मजकुराची हद्द संपली. पुढें कोणीं ओळ घुसडली तर ती उघडी पडावी हा त्याचा उपयोग. पत्र कोणत्या दप्तरांत नोंदलें गेलें याचे शेरेही त्यावर असत. म्हणजे मूळ हरवलें किंवा खोटें निघालें तर ताळा घेण्यास दुसरी जागा असे. पोथी लिहिणारा अखेरीस ग्रंथसंख्या देई. पुढच्या नकलकारानें अक्षरें मोजून पाहावीं आणि कमीजास्त आढळल्यास सावध व्हावें, हा तिचा हिशेब.

आजचा संगणक हेंच काम अधिक काटेकोरपणें करितो. एखाद्या संपूर्ण प्रतीवरून तो एक गणिती ठसा काढतो. प्रतींत एक काना जरी बदलला तरी ठसा साफ निराळा येतो. ग्रंथसंख्येंत एक अक्षर जाऊन दुसरें आलें तर बेरीज तीच राहते. येथें ती पळवाट नाहीं. ज्या दिवशीं छायाचित्रें घेतलीं त्याच दिवशीं प्रत्येकाचा ठसा काढून निराळ्या वहींत टिपून ठेवला, तर दहा वर्षांनीं ‘ही प्रत तीच आहे काय?’ या प्रश्नास उत्तर देतां येतें. ज्यांना मोर्तब समजतें त्यांना हा ठसा समजण्यास अडचण पडूं नये.

गुप्ततेचें उदाहरणही आपल्या शेजारींच आहे. वर्ध्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें महानुभावांचें मोठें स्थान. या पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून ठेवले. सकळ लिपींत अक्षरांच्या जागीं ठरलेलीं दुसरीं अक्षरें व चिन्हें योजिलेलीं असतात. किल्ली ठाऊक असलेल्यास वाचन सोपें, इतरांस अशक्य. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं ही लिपि उकलून दाखविली, आणि मराठी गद्याचा प्राचीन ठेवा अभ्यासकांस खुला झाला. यांतून दोन बोध निघतात. एक, अक्षरास अक्षर बदलण्याचें कुलूप चिकाटीच्या माणसापुढें टिकत नाहीं. दुसरा, किल्ली फार थोड्यांपाशीं राहिली म्हणजे ठेवा सुरक्षित राहतो खरा, पण जगाला तो नसल्यासारखाच होतो, आणि त्याच्या मालकांविषयीं गैरसमज वाढतात. म्हणून आम्ही गुप्ततेचे सरसकट पुरस्कर्ते नाहीं. पेशवे दप्तराचें उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचें आहे : तें दीर्घकाळ अभ्यासकांस बंद होतें, आणि सरदेसाई यांच्या संपादनाखालीं त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतर बाहेर पडले तेव्हां मराठ्यांच्या इतिहासाचें रूप पालटलें. बंद दार हें नेहमीं सद्गुणाचें लक्षण नसतें. दार कोणासाठीं बंद आहे, आंतल्या माणसासाठीं कीं किल्लेदाराच्या सोयीसाठीं, हें विचारावें लागतें.

३. नांव खोडल्यानें काम भागत नाहीं

आमच्या मित्रांनीं दुसरा उपाय सुचविला : नांवांच्या रकान्यावर पट्टी ठेवून छायाचित्रें घ्यावीं. हा उपाय पुष्कळांस सुचतो, आणि तो पुरेसा नाहीं. समजा, नांव झांकलें. उरलें तें इतकें : गांव अमुक, स्त्री, वय ४२, जात सोनार. लहान गांवांत सोनारांचीं दोनच घरें असलीं तर त्या गांवच्या माणसास नांवाची गरज उरत नाहीं.

हें केवळ आपल्या खेड्यांपुरतें खरें नाहीं. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यांत १९९० नंतरच्या दशकांत सरकारी नोकरांच्या दवाखान्यांतील नोंदी नांवें काढून संशोधकांस दिल्या होत्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीनें मतदारांची यादी विकत घेऊन जन्मतारीख, लिंग व टपाल-विभाग हे तीनच रकाने ताडून पाहिले आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद हुडकून काढली. दोन निर्दोष याद्या एकमेकींशेजारीं ठेवल्या म्हणजे त्यांतून तिसरें गुपित बाहेर पडतें, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे ही दुसरी यादी मिळणें कठीण नाहीं. विदर्भांत जन्ममृत्यूच्या नोंदी ज्या वहींत होत तिला कोतवाल बुक म्हणतात. जात व वंश सिद्ध करण्यासाठीं हीं पुस्तकें किती उपयोगी पडतात हें जिल्ह्यांतील प्रत्येक मोडी-वाचकास ठाऊक आहे. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कामासाठीं राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध झाला, मोडी जाणणारांस मागणी आली, आणि सांपडलेल्या नोंदी संगणकावर चढवून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यांत आल्या. त्या कामाच्या हेतूविषयीं येथें कांहीं म्हणावयाचें नाहीं. एवढेंच पाहावें कीं, ज्या पानावर एकाची नोंद हवी असते त्याच पानावर दुसऱ्या दहांच्याही नोंदी असतात. कोणाचें मूल जन्मतःच गेलें, कोण कोणत्या रोगानें वारलें, हेंही त्यांत असूं शकतें. अशी वंशाची यादी हातीं असली म्हणजे आमच्या वहींतील नांव झांकलेली सोनारीण तिच्या पणतवंडांसह ओळखतां येते.

यावर शास्त्रशुद्ध उपाय असा. पहिल्यानें नांवाऐवजीं क्रमांक द्यावा, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी मूळ प्रतीपासून अगदीं निराळ्या जागीं, निराळ्या माणसाच्या ताब्यांत ठेवावी; सकळ लिपीची किल्ली पोथीच्या बासनांतच बांधून ठेवूं नये, तसेंच हें. दुसऱ्यानें तपशील जाड करावा : वय ४२ न लिहितां ४० ते ५०, गांवाऐवजीं तालुका, जातीचा रकाना प्रश्नास लागत नसेल तर वगळावा. तिसऱ्यानें, एका वर्णनांत बसणारीं माणसें फारच थोडीं, म्हणजे एक-दोन-तीन, उरत असतील तर तो आंकडा छापूंच नये. इतकें करूनही रोग कोणत्या भागांत किती होता, स्त्रिया पाहणीस पुढें येत कीं नाहीं, हे इतिहासाचे प्रश्न सोडवितां येतात. इतिहासास त्या स्त्रीच्या नांवाची गरज बहुधा नसते.

४. कायद्याचें म्हणणें

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें पुट्टस्वामी खटल्यांत खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें ठरविलें. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्यें अंकीय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. नियमांतील बरीचशीं मुख्य कर्तव्यें प्रसिद्धीनंतर अठरा महिन्यांनीं लागू व्हावयाचीं ठेविलीं आहेत. माहितीच्या राखणींत हयगय केल्यास अडीचशें कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

संग्राहकांनीं यांतील तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, हा कायदा संगणकीय रूपांतील माहितीस लागू आहे. कागदावरची माहिती मागाहून संगणकीय केली तर तिलाही. म्हणजे आमची वही कपाटांत आहे तोंवर या कायद्याच्या बाहेर आहे. तिचें छायाचित्र घेऊन तें समूहांत टाकतांच ती त्याच्या कक्षेंत येऊं शकते. मोबाइलची कळ दाबणें ही केवळ नक्कल नव्हे. दुसरी, संशोधन, दप्तर-जतन व आंकडेशास्त्र यांस कायद्यानें सवलत दिली आहे; परंतु त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट माणसाविषयीं निर्णय घ्यावयाचा नाहीं, आणि काम ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणें झालें पाहिजे, अशा दोन अटी आहेत. आमच्या समजुतीप्रमाणें संशोधनासाठीं घेतलेली प्रत कोणाच्या जातीच्या दाखल्यासाठीं, वांटणीसाठीं किंवा सोयरिकीच्या चौकशीसाठीं उघडून दाखविली, तर ही सवलत तेथेंच संपते. तिसरी, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेतांना पालकांची पडताळलेली संमति लागते. ही गोष्ट शाळेच्या शिक्षकांनीं विसरूं नये. विद्यार्थ्यांची जात, अपंगत्व व आधार क्रमांक यांचे तक्ते शिक्षकच भरतात, आणि ते तक्ते पुष्कळ वेळां मोबाइलवरूनच इकडून तिकडे जातात.

कायद्यानें माहिती धारण करणारास जी इंग्रजी संज्ञा दिली आहे तिचा सरळ अर्थ विश्वस्त असा आहे. मालक नव्हे. संग्राहकानें रद्दीवाल्यास पैसे मोजले ते कागदाचे. आंतल्या माणसांचे मोजलेले नाहींत.

५. राखण ढिली असली म्हणजे काय होतें

राखणीकडे दुर्लक्ष झाल्याचीं दोन उदाहरणें पुरेत. लंडनच्या ज्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसचीं मराठी हस्तलिखितें आहेत तिच्या संगणकांवर ऑक्टोबर २०२३ मध्यें खंडणीखोरांनीं हल्ला केला. खंडणी न मिळाल्यावर त्यांनीं सुमारें सहाशें गिगाबाइट माहिती उघड्यावर टाकली. हस्तलिखितें कपाटांत सुखरूप होतीं, पण त्यांची सूची महिनोन्‌महिने बंद पडली. मुख्य सूची केवळ पाहण्यापुरती जानेवारी २०२४ मध्यें पुन्हां मिळाली. सूची नसलेला संग्रह म्हणजे किल्ली हरवलेली सकळ लिपीच. पुढें ग्रंथालयानें स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, बाहेरून आंत येण्याच्या एका वाटेवर परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी खूण विचारली जात नव्हती, ही उणीव नमूद आहे. दुसरें उदाहरण दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचें : नोव्हेंबर २०२२ मधील हल्ल्यानंतर तेथें बरेच दिवस कागदावर काम चालवावें लागलें. सेवाग्रामचें महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून, आणि वर्ध्याचें आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून, अशा जुन्या व नव्या विद्यास्थानांचा हा जिल्हा आहे. येथील संशोधकांस ही गोष्ट दूरची वाटूं नये.

संग्राहकाच्या घरापुरते नियम थोडे आहेत. प्रत्येक प्रतीच्या तीन नकला. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर. आणि त्यांतील एक दुसऱ्या गांवीं, संगणकास न जोडलेली. परवलीचा शब्द लांब, प्रत्येक ठिकाणीं निराळा, आणि त्याच्या जोडीस दुसरी खूण. अनोळखी पत्रांतील दुवा उघडण्यापूर्वीं, जुन्या काळीं हस्ताक्षर व शिक्का ताडून पाहत तसें, पाठविणारास निराळ्या वाटेनें विचारणें. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते : मोबाइलनें घेतलेल्या छायाचित्राच्या पोटांत तें कोणत्या जागीं व कोणत्या वेळीं घेतलें याची नोंद लपलेली असूं शकते. दुर्मिळ पोथीचें छायाचित्र मूळ स्वरूपांत कोणास पाठविलें, तर पोथीचें घर चोरासही कळूं शकतें. ती नोंद आधीं पुसावी.

६. हें शिक्षण कसें द्यावें

मोठ्या गांवीं याविषयीं व्याख्यानें होतात. ऐकणारे मान डोलावतात आणि घरीं जाऊन पहिल्यासारखेंच वागतात. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें जी शिक्षणपरिषद भरली, आणि जिच्यानंतर झाकीर हुसेन समितीनें आपली योजना मांडली, तिचें मुख्य सूत्र हाताच्या कामांतून ज्ञान हें होतें. त्या योजनेच्या यशापयशाविषयीं मतभेद असोत. प्रस्तुत विषयास मात्र तें सूत्र चपखल लागू पडतें. कुलूप लावणें व्याख्यानानें येत नाहीं.

आमची सूचना अशी कीं, संशोधक मंडळांनीं मोडी-वाचनाच्या वर्गास जोडूनच दोन दिवसांचा हा अभ्यास ठेवावा. पहिल्या दिवशीं प्रत्येकाच्या हातीं पन्नास काल्पनिक नोंदींची वही द्यावी. तिची वर्गवारी करावयास सांगावी : कोणती नोंद सर्वांस खुली, कोणती परवानगीनें, कोणती अमुक वर्षांपर्यंत बंद, आणि प्रत्येकापुढें कारण लिहवून घ्यावें. मग नांवें झांकून वहीची अदलाबदल करावी व शेजाऱ्याकडे दुसरी यादी देऊन किती माणसें ओळखतां येतात तें मोजावें. आपण झांकलेलें माणूस शेजाऱ्यानें पांच मिनिटांत ओळखलें, म्हणजे धडा जन्मभर टिकतो. दुसऱ्या दिवशीं ठसा काढणें, प्रतींत मुद्दाम एक अक्षर बदलून ठसा कसा फिरतो तें पाहणें, क्रमांकांची किल्ली वेगळी ठेवणें, खोटें पत्र ओळखणें, आणि शेवटीं मूळ प्रत नष्ट झाली असें समजून नकलेवरून ती परत उभी करणें. ज्या नकलेवरून परत उभारणी कधीं करून पाहिली नाहीं तिला नक्कल म्हणूं नये.

आणखी एक पाठ तोंडी असावा : मालकाशीं बोलणें. कागद दाखविला तर वतन जाईल, ही भीति मुंबई इलाख्यांत १८५२ च्या इनाम कमिशनपासून घराघरांत बसली, आणि ती निराधार नव्हती. आजही दप्तर उघडणारा मालक मनांत तेंच विचारीत असतो. काय घेणार, कोठें ठेवणार, कोण पाहणार, आणि मागाहून ‘हें पान नको’ म्हटलें तर काय करणार, या चार प्रश्नांचीं उत्तरें संशोधकानें न विचारतां लेखी द्यावीं.

७. जाळणें हा उपाय नव्हे

हें सर्व ऐकल्यावर आमचे मित्र खिन्न होऊन म्हणाले, ‘मग ही वही जाळूनच टाकूं काय?’ या प्रश्नाचें उत्तर नॉर्वेंतील बर्गेन शहरीं आहे. तेथें कुष्ठरोग्यांची राष्ट्रीय नोंदवही १८५६ सालीं सुरू झाली. १८७३ सालीं रोगाचा जंतु शोधणारे हान्सेन हे त्याच शहरचे. याच हान्सेन यांनीं १८७९ सालीं एका रोगी स्त्रीच्या डोळ्यांत तिच्या संमतीवांचून रोगद्रव्य टोंचलें, आणि पुढील वर्षीं न्यायालयानें त्यांस रुग्णालयांतील पदावरून दूर केलें. हीं दप्तरें कोणीं जाळलीं नाहींत. २००१ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक स्मृतीच्या यादींत घेतलें. दप्तर राहिलें म्हणूनच ज्या स्त्रीस कोणीं विचारलें नव्हतें तिची फिर्यादही इतिहासास ठाऊक झाली. जाळलेल्या वहीबरोबर रोगही जातो आणि रोग्यावर झालेला अन्यायही जातो.

म्हणून आमच्यापुढील वहीचें असें ठरलें. मूळ वही आम्लरहित कागदांत गुंडाळून बंद पेटींत ठेविली आहे. तिचीं छायाचित्रें इंटरनेटशीं न जोडलेल्या संगणकावर घेऊन ठसे टिपून ठेविले आहेत. नांवें व क्रमांक यांची किल्ली मित्रांकडे नाहीं आणि आमच्याकडेही नाहीं. ती मंडळाच्या कपाटांत मोहोरबंद लिफाफ्यांत आहे. वही अभ्यासकांस तालुकावार आंकड्यांच्या रूपानें मिळेल. वहींत जन्मलेलें म्हणून नोंदलेलें सर्वांत लहान मूल शंभर वर्षांचें होईल त्या वर्षीं लिफाफा उघडण्याचा विचार त्या वेळच्या सभासदांनीं करावा, असें वर लिहिलें आहे. तें वर्ष आम्हांस पाहावयास मिळणार नाहीं, आणि त्याचें वाईट वाटत नाहीं.

ज्या वाचकांच्या संग्रहीं रोगपाहणीच्या, अनाथगृहांच्या, तुरुंगांच्या किंवा तथाकथित गुन्हेगार जमातींच्या हजेरीच्या वह्या असतील त्यांनीं त्यांचें केवळ बाह्य वर्णन, म्हणजे लांबीरुंदी, पानें, लिपि व काळ, आम्हांकडे लिहून पाठवावें. आंतील नांवें पाठवूं नयेत.